नव्या कोंबड्या

पक्ष्यांच्या राज्यात कवींनी जी बक्षिसे वाटली त्यांत कोंबडीच्या वाट्यास काहीच आलेले नाही. मोराला पिसारा होता म्हणून त्याचे कौतुक झाले, कोकिळेला गळा होता म्हणून तिचे. पोपटाला तर दुसऱ्याचे बोलणे स्वतःचे म्हणून खपविण्याची विद्या साधली असल्यामुळे त्याची गणना थेट विद्वानांतच झाली. कोंबडी बिचारी दिवसभर उकिरडा उकरते, अंडे घालते आणि त्या अंड्याची वर्दी साऱ्या आळीला देते. पण तिच्यावर चार ओळी लिहाव्या असे कोणास वाटल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. तिच्या नवऱ्याला एका म्हणीत जागा मिळाली आहे, तीही त्याला झाकले तरी उजाडायचे राहत नाही हे सांगण्यापुरती. आम्ही स्वतः सात वर्षे कोंबड्या पाळीत असता त्यांच्याकडे अंड्यांपलीकडे पाहिले नव्हते. ते पाहावयास आम्हाला २०२४ च्या डिसेंबर महिन्यात लागले, आणि त्याची किंमत एका तलंगेने दिली.

तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. हा शब्द आम्हालाही पूर्वी ठाऊक नव्हता. कोंबड्या आमच्या घरात आल्या त्या नातवाच्या हट्टाने. पुढे नातू आईबापांबरोबर बंगळुरास गेला आणि कोंबड्या मात्र आमच्याकडे राहिल्या. पश्चिम नागपुरातील आमचे घर जुन्या बेताचे असल्याने मागे परसदार बरेच मोठे आहे. त्यात एक सीताफळ, एक शेवगा, संत्र्याच्या नावाने लावलेले परंतु आजवर एकही खाण्याजोगे संत्रे न दिलेले एक झाड, आणि भिंतीच्या कडेला तुराट्यांचा कूड व वर पत्रा असे खुराडे आहे. आमच्या कुटुंबाने अंडे कधी तोंडात घातलेले नाही, पण ती रोज अंडी मोजते. शेजाऱ्यांना किती दिली, कोणी किती दिवसांत डबा परत केला, याचा हिशेब तिच्यापाशी तोंडपाठ असतो.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मुंगसाने दोन कोंबड्या नेल्या. उरल्या चार आणि एक कोंबडा. चौघींत जी सर्वांत थोराड, तिला आम्ही मोठीबाई म्हणत असू. दाणे टाकले की पहिली चोच मोठीबाईची. तिच्यामागून ठिपकी, मग पिवळ्या पायांची, आणि सर्वांच्या शेवटी एका पायाने किंचित लंगडणारी. (पिवळ्या पायांचीवरून आठवले : पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष लाल रानकोंबडा खरा, परंतु कातडीचा हा पिवळेपणा तिला राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. राखी रानकोंबडा आपल्या मेळघाटात आहे. तेव्हा आमच्या परसातील या बाईंचे माहेर फार दूर नव्हते.) हा क्रम इतका बिनतक्रार चाले की त्या चौघींत काही क्रम आहे हेच आमच्या लक्षात आले नव्हते. ज्या घरात भांडण ऐकू येत नाही तेथे समता नांदत असली पाहिजे, असा आमचा भोळा समज होता.

याच सुमारास, दिवाळीनंतर, आमची थोरली बहीण आमच्याकडे कायमची राहावयास आली. ताई नागपूरचीच, महालातल्या वाड्यात आम्ही दोघे वाढलो. १९७४ साली लग्न होऊन ती पुण्यास गेली आणि पन्नास वर्षे तेथेच राहिली. आमचे मेहुणे वारल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या जागेत तिने एकटीने दोन वर्षे काढली. अखेर आम्हीच आग्रह केला, तिकीट काढले, आणि तिला व तिच्या दोन ट्रंकांना घरी आणले. घर तिचे, भाऊ तिचा, गाव तिचे; यात जुळवून घेण्यासारखे ते काय आहे, असे आम्हाला वाटले. कोंबड्यांविषयी आमची जी बुद्धी होती तीच माणसांविषयीही होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

पहिल्याच आठवड्यात ताईने आमटीत गूळ घातला. आमच्या घरात आमटीला गूळ लागत नाही. आमचे कुटुंब काही बोलले नाही. तिने फक्त वाटी थोडी बाजूस सारली. दुसऱ्या दिवशी ताईने विचारले, "चिंच कुठल्या डब्यात आहे ग?" त्यावर, "राहू द्या वन्सं, मी करते," असे अत्यंत मृदू उत्तर आले. त्यानंतर ताई स्वयंपाकघरात फारशी दिसेनाशी झाली. मागच्या दारी पायरीवर पाट टाकून ती दुपारभर बसे. तिला परसातली हवा मानवली, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली.

आता त्या डिसेंबरची गोष्ट. काटोल रस्त्याच्या पलीकडे एका खेड्यात आमचे एक स्नेही शेती करतात. त्यांनी चार तलंगा देऊ केल्या : तीन गावरान, तांबूस रंगाच्या, आणि एक कडकनाथ. कडकनाथ ही जात झाबुआकडची. तिचे पीस, तुरा, पाय सारेच काळे असते, आणि २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर तिचा तोरा वाढलेला आहे. आम्ही त्या चौघींना टोपल्यात घालून आणीत असता हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे निम्मे रस्ते बंद होते. (नागपूरकरांना हे नवे नाही. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक तरी अधिवेशन येथे भरवावे असे ठरले. पुढे विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात व मग महाराष्ट्रात गेला आणि अधिवेशन हिवाळ्याचे ठरून गेले. नवख्याला मोठ्या कळपात नेताना घातलेल्या या अटी कितपत पाळल्या गेल्या, हा विषय आमच्या मित्रमंडळीत निघाला की चहा गार होतो, म्हणून तो येथे सोडून देतो.) घरी पोचेतो भर दुपार झाली. कंटाळलेल्या मनुष्याने जे करावे तेच आम्ही केले. खुराड्याच्या अंगणात टोपले उपडे केले, "घ्या, तुम्हाला मैत्रिणी आणल्या," असे म्हणालो आणि जेवावयास गेलो.

वरणभात संपण्यापूर्वी ताईची हाक आली. तिच्या हाकेत भावाला बोलावण्याचा सूर नव्हता. आम्ही धावलो. मोठीबाईने एका तांबड्या तलंगेला कुडाच्या कोपऱ्यात दाबून धरले होते आणि ती तिच्या डोक्यावर चोची मारीत होती. रक्त निघाले होते. ते लाल दिसताच ठिपकी आली, पिवळ्या पायांची आली, आणि सर्वांत चेव कोणाला आला असेल तर तो लंगडीला. जिने आयुष्यात कोणाला टोचले नव्हते, तिला अखेर आपल्या खालची कोणी सापडली होती. आम्ही फाटकात पाऊल टाकीपर्यंत त्या पोरीचे डोके सोलून निघाले होते. बाकीच्या दोन तांबड्या पत्र्याखाली एकमेकींत तोंडे खुपसून बसल्या होत्या. कडकनाथ कुडावर चढून सीताफळावर गेली होती आणि संध्याकाळपर्यंत उतरली नाही.

ताईने तिला पदरात घेतले. ताई अंड्याला शिवत नाही, कोंबडीचा वास तिला सोसत नाही. परंतु तीन दिवस तिने त्या तलंगेची जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुतली, हळद लावली, कापसाच्या बोळ्याने पाणी पाजले. तिसऱ्या रात्री ती गेली. सीताफळाखाली खड्डा आम्ही खणला. ताई म्हणाली, "तू वर मोठा दगड ठेव, नाहीतर मांजर उकरील," आणि आत निघून गेली.

भांडी घासावयास येणारी बाई उमरेडकडची आहे. तिने सारा प्रकार ऐकला आणि कमरेवर हात ठेवून आम्हाला सांगितले, "काकाजी, असं भर दुपारी टाकून देतेत का जी कोंबड्या? रातच्याला सोडाव लागते. पाहाटी त्याईले याद नाही राहत कोन नवी अन् कोन जुनी." आमच्या पदवीचा, पेन्शनचा आणि भिंतीवरील पुस्तकांच्या कपाटांचा तेवढ्यापुरता निकाल लागला.

मागाहून शहाणपण मिळविण्याची आम्हाला जुनी खोड आहे. त्याप्रमाणे आम्ही वाचू लागलो. थोर्लीफ श्येल्डरुप-एब्ब नावाच्या एका नॉर्वेजियन गृहस्थाला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने टोचून घेते याची टिपणे त्याने ठेविली, आणि १९२२ साली जर्मन भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला. कोंबड्यांच्या प्रत्येक कळपात चोचीचा एक क्रम असतो, पहिली सर्वांना टोचते व शेवटची कोणालाच नाही, हे जगाला त्याने सांगितले. आज माणसांच्या कचेऱ्यांविषयी बोलतानाही इंग्रज लोक त्याचाच शब्द वापरतात. हा क्रम क्रूर दिसतो, परंतु तो एकदा ठरला म्हणजे भांडणे थांबतात. दाण्यासाठी रोज नव्याने लढावे लागत नाही. नवी कोंबडी आली की तो सारा हिशेब मोडतो. प्रत्येकीला तिच्याशी आपले नाते नव्याने ठरवावे लागते, आणि ते ठरविण्याचे साधन चोचीवाचून दुसरे नाही. कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यत्वे तोंडावळ्यावरून व तुऱ्यावरून. पुढील संशोधकांनी ओळखीच्या कोंबडीचे रूप पालटून पाहिले, तो तिच्याच सोबतिणी तिला परकी समजू लागल्या. आमच्या भांडेवालीचा सिद्धान्त तेव्हा अर्धाच खरा होता. रात्री सोडल्यास दंगा होत नाही, कारण कोंबडीला अंधारात दिसत नाही. पण पहाटे तिला सारे आठवते.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचनात आली आणि आम्ही पुस्तक मिटले. आपल्याच कळपातील कोंबडी काही आठवडे दूर ठेविली आणि परत आणली, तर पुष्कळदा तिलाही नवखीसारखेच वागविले जाते. जुना मान तिला आपोआप परत मिळत नाही.

उरलेल्या तिघींना आम्ही जुन्या न्हाणीघरात ठेविले. खरे पाहता नव्या कोंबडीला दोन-तीन आठवडे अगदी वेगळे ठेवावे ते रोगांच्या भयास्तव. कोंबड्यांना मानमोडी म्हणून जो रोग होतो, ज्यात मान पिळवटून पक्षी पटापट मरतात, त्याला आपल्या देशात राणीखेत म्हणतात, कारण कुमाऊंमधील त्या गावी १९२७ साली तो येथे प्रथम ओळखला गेला. त्याची लस डोळ्यांत वा नाकात थेंब टाकून देता येते. आम्ही पशुवैद्यांकडून ती देवविली. परंतु रोग यावयाचाच असता तर तो त्या दुपारी अर्ध्या तासातच येऊन गेला असता, हे आम्हाला कळत होते. दैवाने तेवढी दया केली.

पण ती दया आहे की नाही हे कळण्यापूर्वी आमच्या तोंडचे पाणी पळाले. जानेवारी २०२५ च्या आरंभी बातमी आली की गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या डिसेंबरात मेले ते कोंबड्यांच्या फ्लूने. दूषित मांसातून तो त्यांच्यापर्यंत गेला असावा, असा तर्क तेव्हा करण्यात आला. गोरेवाडा आमच्याच अंगाला आहे. महाराष्ट्रात हा रोग २००६ साली नवापुरास प्रथम आला, तेव्हा लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या होत्या. कोंबड्यांत तो आढळला म्हणजे भोवतालच्या एक किलोमीटर टापूतील सर्व कोंबड्या नष्ट करतात, आजारी आणि धडधाकट दोन्ही. आम्ही खुराड्यावर जाळे ताणले, चिमण्यांसाठी ठेवलेले पाणी काढून घेतले, परसात जावयाच्या चपला वेगळ्या केल्या. रोज सकाळी फाटक उघडण्यापूर्वी आम्ही कान देऊन ऐकत असू. मोठीबाईचा तो खरखरीत आवाज ऐकू आला म्हणजे, ज्या प्राण्याने आमच्या तलंगेचा जीव घेतला त्याच्याविषयीही आम्हाला हायसे वाटे. मनुष्याच्या न्यायबुद्धीचा हा प्रकार विचित्र खरा.

न्हाणीघरातल्या तिघींचे दाणापाणी ताईने आपल्याकडे घेतले होते. एक दिवस डालगे धूत असता ती आपल्याशीच बोलावे तशी म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी मला पहिला महिनाभर स्वयंपाकघरात काही करू दिले नाही. खिडकीपाशी बसवून ठेवायच्या, शेंगा सोलायला. मला इतका राग यायचा! पण तिथून सगळे दिसायचे. कोण कुठले भांडे घेते, कोण कोणाशी बोलत नाही, मीठ कोण चाखते. महिन्याने उठले तेव्हा मला ते घर पाठ होते." मग डालगे उन्हात उपडे ठेवून तिने पुढे म्हटले, "इथे मी एकदम मधेच आले."

आम्हाला उत्तर सुचले नाही. आमचे कुटुंब दारात तांदूळ निवडीत बसले होते. तिचा हात क्षणभर थांबला व पुन्हा चालू लागला.

जानेवारीच्या अखेरीस, भोवती काही वाईट घडले नाही असे पाहून, आम्ही खुराड्याच्या अंगणात मधोमध जाळी लावली. जाळीच्या एका अंगाला जुन्या, दुसऱ्या अंगाला नव्या. पहिले दोन दिवस मोठीबाई जाळीवर पिसे फुगवून धावून जाई. तिसऱ्या दिवशी तिने धावणे सोडून नुसते पाहणे पत्करले. पाचव्या दिवशी आम्ही जाळीच्या दोन्ही बाजूंना, अगदी लगत, ज्वारी टाकली, तेव्हा दोन्ही पक्ष एकाच ओळीत माना खाली घालून टिपू लागले. मधली तार नसती तर शेजारणी वाटल्या असत्या. घाई करण्याचा मोह झाला. पण सीताफळाखालचा दगड समोरच होता. आम्ही दोन आठवडे पुरे केले.

मग एका रात्री कंदिलाच्या मंद उजेडात तिघींना उचलून आम्ही दांडीवर जुन्यांच्या मधे बसविले. त्याआधी त्या दिवशी खुराड्यातील सर्व सामानाची जागा बदलली : दांडी इकडची तिकडे, अंड्यांची खोकी दुसऱ्या भिंतीला, राखेची पाटी तिसरीकडे. घरच अनोळखी झाले म्हणजे जुन्यांनाही मालकीचा तोरा मिरविता येत नाही, असे वाचले होते. दाणे एका ऐवजी तीन ठिकाणी, पाण्याचे परळ दोन, आणि लपावयास कोपऱ्यात दोन तुटकी टोपली. पहाटे पाचलाच आम्ही शाल पांघरून फाटकाशी उभे राहिलो, कारण खरी वेळ तीच. ताई आधीच येऊन बसली होती. उजाडले. मोठीबाई उतरली, तिने एका तांबडीच्या डोक्यावर दोन चोची मारल्या. तांबडीने मान खाली घातली, बाजूस झाली. रक्त नाही. लंगडी कडकनाथवर धावून गेली, तो त्या काळ्या पोरीने मान ताठ करून तिच्याकडे असे काही पाहिले की लंगडीला एकाएकी राखेत लोळण्याची आठवण झाली. कोंबडा या सर्व काळात पत्र्याकडे तोंड करून आरवत होता. घरातील कर्त्या पुरुषाने अशा वेळी काय करावे याविषयी त्याचे आणि आमचे मत एक आहे.

फेब्रुवारीभर चोचीचा हिशेब चालूच राहिला. थोडी पिसे गेली, रोज आरडाओरड होई; परंतु जखम कोणाला झाली नाही.

घरातही काही सामान हलले होते. स्वयंपाकघरात खिडकीपाशी धान्याचे डबे असत ते एके दिवशी तेथून उठले, आणि त्या जागी वेताची खुर्ची आली. कोणी आणली हे आम्ही विचारले नाही. ताई तेथे बसून मटार सोली, लसूण सोली, आणि पाहत राही. आमटीत गूळ पडू लागला असे मात्र समजू नये. मार्चच्या मध्यावर फळीवर गुळाचा एक लहानसा वेगळा डबा दिसू लागला, आणि त्याच्याशेजारी एक लहान पातेले. कधीमधी त्या पातेल्यातल्या आमटीची चव आमचे कुटुंब बोटाने घेते, असे आम्ही एकदा पाहिले आहे. पण पाहिल्याचे दाखविले नाही.

कडकनाथने पहिले अंडे घातले ते एप्रिलात. कोंबडी काळी म्हणून अंडेही काळे असेल, अशी आमच्या आळीतील मुलांची खात्री होती. ते फिकट तांबूस निघाल्याने त्यांची निराशा झाली. ताईने ते पदराच्या टोकात धरून आणले, हात लागू न देता, आणि आमच्या कुटुंबासमोर ठेविले. "हे तुझ्या हिशेबात लिही," ती म्हणाली.

लंगडी अजून तिला पाण्यापाशी येऊ देत नाही. कडकनाथने परळात चोच घातली की ती आडवी येते, आणि ही दुसऱ्या परळाकडे गेली तर तेथे मोठीबाई उभी. नागपूरचा एप्रिल, पारा बेचाळिसाच्या वर, तेव्हा पाण्यावाचून तिला ठेवता येईना. तिसरा परळ आणावा म्हणून आम्ही त्याच संध्याकाळी कुंभाराकडे गेलो. ताई म्हणाली, चार आण, एक फुटतोच.